चित्रांवर घर चालतं का?

मुलगा किंवा मुलगी चित्रकार व्हायचं म्हणते, तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो पगाराचा. प्रश्न रास्तच आहे, मोजमाप मात्र चुकतं. पुस्तकांना, अंकांना, कंपन्यांना चित्रं काढून देणारा आणि जोडीला लिनो, लाकूड, धातूची प्लेट किंवा स्क्रीन यांवरून स्वतःच्या हाताने मुद्राचित्रं छापून विकणारा स्वतंत्र कलावंत पगारावर जगतच नाही. त्याला टाटा मोटर्सच्या किंवा बजाजच्या कायम कामगाराशेजारी उभं केलं, तर तो दर वेळी उणाच दिसणार. त्याची बरोबरी लावायची ती भोसरी एमआयडीसीतल्या दोन मशिनच्या जॉबवर्कवाल्याशी. ऑर्डर मिळवायची, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते समजून घ्यायचं, ठरल्या तारखेला माल पोचवायचा, बिल लावायचं आणि पैसे जमा होईपर्यंत तग धरायचा, हे दोघांचंही जगणं. असा धंदा तरेल की बुडेल हे ओळखणारी नजर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आहे. स्टोअरमध्ये, परचेसमध्ये, क्वालिटीत वीस-वीस वर्षं काढलेल्या आई-वडिलांनी तीच नजर इकडे वळवावी. ‘स्कोप आहे का?’ हा मोघम प्रश्न सोडून द्यावा आणि एवढंच विचारावं: पाच वर्षं काम केल्यावर या मुलाच्या स्वतःच्या मालकीचं काय उरेल? माझ्या मते या व्यवसायातलं तरणं-बुडणं तिथे ठरतं.

याचा ठळक पुरावा आपल्याच लोहमार्गावर आहे. पुणे-लोणावळा लोकल चिंचवड, आकुर्डी, तळेगाव करत मळवलीला पोचते. तिथे एके काळी राजा रवि वर्मांचा शिळाछापखाना होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे काही वर्षांत मळवलीजवळ आला. देवदेवतांची, पुराणकथांची रंगीत चित्रं इथे दगडावरून छापली गेली आणि देशभरातल्या घरांच्या भिंतींवर, देव्हाऱ्यांत जाऊन बसली. मागणी कमी होती असं कोणी म्हणू शकत नाही, आणि चित्रकार तर त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला. तरीही छापखाना कर्जात रुतला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रवि वर्मांनी तो विकला. विकत घेणारे फ्रिट्झ श्लायशर हे तिथेच काम करणारे जर्मन तंत्रज्ञ. त्यांनी यंत्रांबरोबर चित्रं छापण्याचे हक्कही घेतले, देवांच्या चित्रांच्या जोडीला लेबलं आणि जाहिरातींची बाजारातली कामं धरली, आणि छापखाना त्यानंतर कित्येक दशकं चालला. १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला. मोठी यंत्रसामग्री आणि तिच्यामागचं कर्ज अंगावर घेतल्यावर प्रतिभा आणि मागणी दोन्ही असूनही माणूस अडकतो, हे इथे दिसतं. दुसरीकडे, चित्र कोणी काढलं याच्याइतकंच ते पुन्हा छापण्याचा हक्क कोणाकडे आहे याला महत्त्व आहे, हेही दिसतं.

या हक्काबद्दल कला महाविद्यालयातून बाहेर पडणारी बरीच मुलं अंधारात असतात, म्हणून थोडं सविस्तर सांगायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. सर्वसाधारणपणे ज्याने चित्र काढलं तोच हक्काचा पहिला मालक. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं. पण एक खाच आहे. एखादं पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा एनग्रेव्हिंग कोणी मोबदला देऊन करवून घेतलं आणि दोघांत वेगळा करार नसला, तर पहिला मालक करवून घेणारा ठरतो. म्हणजे गप्प राहिलं की हक्क गेला. उलट हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आणि हा हक्क टिकतो किती? चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत जिवंत आहे. मारिओ मिरांडा २०११ साली गेले, त्यांच्या रेषांवरचा हक्क २०७१ पर्यंत चालेल आणि त्यांच्या चित्रांच्या प्रती, फरशा, कप गोव्यात आजही विकले जातात. डाय कोणाच्या नावावर आहे यावरून भोसरीत किती वाद होतात, हे वडिलांना ठाऊक असतं. चित्राचंही तसंच आहे, फक्त इथे ती डाय दोन पिढ्या चालू शकते.

मुद्राचित्रणाचं अर्थशास्त्र याच मालकीवर उभं आहे. कलावंत एक ब्लॉक कोरतो किंवा प्लेट खोदतो, तिच्यावरून ठरावीक प्रती काढतो, प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलने ३/३० असा क्रमांक घालून सही करतो आणि त्या संख्येपुढे छपाई करत नाही. प्रत्येक प्रत मूळच मानली जाते, पण कॅनव्हासवरच्या एकमेव चित्रापेक्षा स्वस्त असते, म्हणून घेणारा मध्यमवर्गीयही असू शकतो. हिशोबासाठी धरून चालू, की ३० प्रतींची एक आवृत्ती आहे आणि प्रत १,५०० रुपयांना जाते. सगळ्या गेल्या तर ४५,००० रुपये. त्यातून कागद, शाई, फ्रेम, दालनाचं कमिशन वजा करा. शिवाय त्या एका महिन्यात जाणार नाहीत, दोन वर्षंही लागतील. ऐकायला थोडं वाटतं. पण वर्षाला चार आवृत्त्या काढणाऱ्याकडे पाचव्या वर्षी २० आवृत्त्यांचा माल असतो आणि एका प्रदर्शनात जुन्या-नव्या सगळ्या विकायला ठेवता येतात. मजुरी हातोहात संपते, साठा मात्र वाढत जातो. सुरुवातीला भांडवलही फारसं लागत नाही. लिनो, कोरणी, रोलर, शाई आणि चमच्याच्या पाठीने घासून काढलेली छाप एवढ्यावर शिकणं सुरू होतं. एचिंगचा प्रेस महाग आणि जड असतो. तो पहिल्या वर्षी कर्ज काढून घरी आणू नये, मळवलीचा धडा तोच आहे.

याच पट्ट्यात स्क्रीन प्रिंटिंगचं ज्ञान ठासून भरलेलं आहे. कंट्रोल पॅनेलवरची अक्षरं, मशिनच्या नेमप्लेट, गाड्यांचे स्टिकर, खोक्यांवरच्या खुणा यांतलं बरंच काम जाळी ताणून, इमल्शन लावून, स्क्वीजी ओढूनच होतं. दालनात ज्याला सेरिग्राफ म्हणतात त्याचं तंत्र हेच. बारावीच्या सुट्टीत दोन महिने अशा शॉपमध्ये शिकाऊ म्हणून घालवलेल्या मुलाला रजिस्ट्रेशन, शाईचा घट्टपणा, वाळण्याची वेळ या गोष्टी हाताने कळलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे दिवसभर उभं राहून तेच काम शंभर वेळा सारखं करण्याची आपली तयारी आहे का, हेही कळतं. पालकांनी ही परीक्षा जरूर घ्यावी. ज्याला चित्र आवडतं पण पुनरावृत्ती सोसत नाही, त्याने प्रिंटमेकिंगच्या वाटेला जाऊ नये.

इलस्ट्रेशनची गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक बाजार पुण्या-मुंबईतल्या प्रकाशनांचा: मुखपृष्ठं, मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं आणि पावसाळाभर चालणारी दिवाळी अंकांची घाई. इथे नाव होतं, पैसा बेताचा. दुसरा बाजार चाकण-तळेगावच्या कारखान्यांचा, आणि कला शाखेच्या मुलांचं तिकडे लक्षच नसतं. सर्व्हिस मॅन्युअल, पार्ट्स कॅटलॉग, सुटे भाग उलगडून दाखवणारी चित्रं, कामाच्या पायऱ्या सांगणारे तक्ते, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची पोस्टर. मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली बोलणारे कामगार एकाच लाइनवर उभे असतात. तिथे हात कुठे घालायचा नाही हे सांगणारं स्पष्ट चित्र इंग्रजी सूचनेपेक्षा उपयोगी पडतं. हे काम हलकं समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. एखाद्याची बोटं वाचवणारं चित्र नीट काढायला निरीक्षण लागतं, यंत्राची समज लागते, आणि त्याचे दरही ठामपणे मागता येतात.

पण घरखर्चाचं काय? मराठी चित्रकारांनी याची वेगवेगळी उत्तरं शोधली आहेत. वसंत सरवटे इंजिनिअर होते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करतच त्यांनी पुलंच्या पुस्तकांपासून ‘ललित’मधल्या ठणठणपाळापर्यंतची चित्रं काढली. नोकरीमुळे त्यांच्या रेषेचं काही बिघडलं नाही. दीनानाथ दलालांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि मुखपृष्ठांच्या कामावर न थांबता १९४५ पासून ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक चालवला, म्हणजे चित्रकारच प्रकाशक झाला. शि. द. फडणीसांनी हास्यचित्रं मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी काढली, पण ती तिथे संपू दिली नाहीत. १९६५ पासून ‘हसरी गॅलरी’ प्रदर्शनांतून ती लोकांपुढे आली, पुस्तकांत आली, आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांमुळे त्यांची रेषा लाखो मुलांपर्यंत पोचली. तिघांचे मार्ग वेगळे असले, तरी एकाच गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि एकाच वेळच्या मजुरीवर कोणीही विसंबलं नाही. ‘ही तर मोठी माणसं, आमच्या मुलाचं काय?’ हा आक्षेप मी मान्य करतो, पण अर्धाच. त्यांच्यासारखी रेषा सगळ्यांना साधणार नाही. त्यांनी केलेली व्यवस्था मात्र मध्यम वकुबाच्या कष्टाळू चित्रकारालाही करता येते.

दुसरा आक्षेप नोकरीच्या शाश्वतीचा. पिंपरीतली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, औषधनिर्मितीतली देशातली पहिली सरकारी कंपनी. तिथल्या नोकरीइतकं पक्कं काही नाही असं मानलं जायचं. नंतर ती आजारी उद्योग ठरली आणि कामगारांचे पगार थकले. तळेगावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबलं. आज चाकणला आयटीआय झालेला मुलगा लागतो तोही बहुतेकदा कंत्राटावर. कारखान्याची नोकरी वाईट, असं मला म्हणायचं नाही. तिने या शहरातली लाखो घरं उभी केली. पण धोका फक्त चित्रकलेत आहे हे गृहीतक टिकत नाही. १५ छोट्या गिऱ्हाइकांपैकी दोन गेली तर चित्रकाराचं वर्ष तंगीत जातं. ८० टक्के माल एकाच कंपनीला देणाऱ्या व्हेंडरची ती कंपनी गेली, तर शटर खाली येतं.

तिसरा आक्षेप नवा आणि सगळ्यांत गंभीर: संगणक आता क्षणात चित्र काढून देतो. इथे पालकांना खोटा दिलासा देणं बरोबर नाही. लेखाशेजारी काहीतरी रंगीत हवं म्हणून काढलेलं, कोणाचंही वाटावं असं चित्र, हा बाजार आटतो आहे आणि त्यावर आयुष्य आखू नये. टिकेल ते काम वेगळं आहे. ब्रेक असेंब्लीतला वॉशर उलटा दाखवला तर जबाबदार कोण, याचं उत्तर गिऱ्हाइकाला सही करणाऱ्या माणसाकडून हवं असतं. मावळातली भातखाचरं, इंद्रायणीचा घाट, वारीतली गर्दी तिथे बसून रेखाटलेल्या माणसाकडे जो तपशील असतो, तो मागवून मिळत नाही. आणि हाताने छापलेल्या, मोजक्या, सही केलेल्या प्रतीला किंमत येते ती त्या हातामुळेच. ज्याचं काम या तिन्हींपैकी एकातही बसत नाही, त्याने नोकरीचा मार्ग उघडा ठेवावा, हे मी स्पष्टपणे सांगेन.

आता शिक्षण. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा द्याव्यात, दहावीच्या वाढीव गुणांपेक्षा हाताला लागणारी शिस्त त्यात मोलाची आहे. बारावीनंतर राज्याच्या सीईटीमधून चार वर्षांच्या बीएफएला प्रवेश मिळतो: मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, आणि अप्लाइड आर्टचं महाविद्यालय तर आकुर्डीतही आहे. ज्याला प्रिंटमेकिंगच करायचं आहे त्याने पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा विचार करावा. डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडीच्या परीक्षा आहेत. खासगी डिझाइन संस्थांबाबत माझं मत ठाम आहे: स्वतंत्र काम करायचं असेल तर मोठं शैक्षणिक कर्ज काढून तिथे जाऊ नये. या व्यवसायातली पहिली तीन वर्षं तुटपुंजीच जातात आणि त्याच काळात हप्ते सुरू होतात. मग मुलगा मिळेल ते काम मिळेल त्या दरात घेतो, हक्क सोडून देतो, आणि साठा तयारच होत नाही. फीमधून वाचलेले पैसे त्या तीन वर्षांच्या भाड्यासाठी आणि कागदासाठी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

व्यवहाराची बाजू आई-वडिलांनी शिकवावी, कारण महाविद्यालयात ती क्वचितच शिकवतात. उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागता येतं. चित्रकारालाही हे लागू होतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मागायचा असतो. आणि पहिल्याच कामाआधी, ते शेजारच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचं पोस्टर का असेना, एका कागदावर लिहून द्यावं: चित्र कशासाठी, किती काळासाठी, किती प्रतींसाठी, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती, आणि मूळ चित्र व पुढच्या वापराचे हक्क चित्रकाराकडे. त्या कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. मसुदा तपासायला वकील लागत नाही. परचेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अटी आयुष्यभर वाचलेला माणूस घरात असेल, तर मुलाने तो कागद आधी त्याच्यापुढे ठेवावा.