वेबसाइटचा फॉर्म भरला जातो, पण ईमेल येत नाही? या क्रमाने तपासा

व्हिडिओत दाखवलेल्या पायऱ्या इथे लिहून देतोय, म्हणजे काम करताना समोर ठेवता येतील.

समजा, तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. ग्राहकाने वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरला, त्याला "धन्यवाद, मेसेज पाठवला" असं दिसलं. तो तुमच्या फोनची वाट बघतोय आणि तुमच्या इनबॉक्समध्ये काहीच नाही. दोन दिवसांनी तो दुसरीकडे ऑर्डर देतो. तुम्ही म्हणता, वेबसाइटचा काही उपयोग नाही!

"पाठवला" याचा अर्थ एवढाच, की वेबसाइटने ईमेल सर्व्हरच्या हवाली केला. टपालपेटीत पत्र टाकलं म्हणजे ते पोचलं असं होत नाही ना? तसंच. त्यातून शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट असतात. शेजाऱ्याने स्पॅम पाठवला, तरी बदनामी सगळ्यांची होते.

१. ईमेल कुठे अडकला ते शोधा. आधी स्पॅम फोल्डर बघा. मग सीपॅनेलमध्ये 'ट्रॅक डिलिव्हरी' उघडा. ईमेल गेला की परत आला आणि का, हे तिथे कळतं.

२. 'फ्रॉम'चा पत्ता. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. फॉर्ममध्ये 'फ्रॉम' म्हणून ग्राहकाचा जीमेल पत्ता टाकलेला असतो. पण ईमेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून, म्हणून जीमेलला तो बनावट वाटतो. 'फ्रॉम'मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवा. ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका.

३. एसएमटीपी वापरा. पीएचपीचं साधं मेल फंक्शन लॉगिन न करताच ईमेल पाठवतं. त्याऐवजी एसएमटीपी लावा, म्हणजे ईमेल तुमच्या खात्यातून, पासवर्डसह जाईल. वर्डप्रेसवर यासाठी प्लगइन मिळतात. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल निवडा.

४. एसपीएफ आणि डीकेआयएम. तुमच्या नावाने कोणता सर्व्हर ईमेल पाठवू शकतो, हे एसपीएफ सांगतं. डीकेआयएम म्हणजे ईमेलवरची डिजिटल सही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यातलं किमान एक लागतंच. तुम्ही दोन्ही लावा. सीपॅनेलमध्ये 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' इथे ते दिसतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच हवी. दोन झाल्या की तपासणी फसते.

५. ईमेल राउटिंग. तुमचे ईमेल गूगल वर्कस्पेसवर येतात आणि वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर आहे? मग सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' हे 'रिमोट' करा. ते 'लोकल' राहिलं, तर तुमच्याच पत्त्यावरचा ईमेल होस्टिंगच्या सर्व्हरवरच पडून राहतो. बाहेरच्या जीमेलवर जातो, पण स्वतःच्या पत्त्यावर येत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा दोष इथेच असतो.

एका वेळी एकच बदल करा आणि लगेच चाचणी घ्या. पाचही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कळणार नाही.

आणि एक सवय लावून घ्या: फॉर्मची प्रत्येक नोंद वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही साठवा आणि दर सोमवारी स्वतः एक फॉर्म भरून बघा. ईमेल बंद पडला तरी ग्राहकाचा नंबर तुमच्याकडे राहील.

आजच एक फॉर्म भरा. कुठल्या पायरीवर अडलात ते कमेंटमध्ये नक्की सांगा!