मापे बदलताना

कोलकात्यातील खिदिरपूरची गोदी १८९२ साली खुली झाली, त्या काळी वजनासाठी ‘मण’ हा शब्द देशाच्या बहुतेक भागांत रूढ होता. मात्र त्याचा अर्थ प्रांतागणिक निराळा असे. बंगालचा बाजारी मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, तर मद्रासचा २५ पौंडांचा. परप्रांतातून आलेल्या व्यापाऱ्याला मणाचा भाव कळला, तरी माल स्वस्त की महाग हे उमगत नसे. अशा गोंधळात हिशेब जाणणाऱ्याचा लाभ होतो आणि न जाणणारा नाडला जातो.

मापांत एकसूत्रता आणण्यासाठी १८७० व १८७१ साली कायदे झाले. परंतु ते अमलात आले नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. जुनी मापे काही काळ चालू राहत. पण ती केव्हा बंद व्हायची, याची मुदत ठरवून दिलेली असे. या यशाचे मर्म त्या मुदतीत होते.

रस्त्यावरील फलकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दुकानात वजन पुन्हा तपासता येते. धावत्या वाहनाच्या चालकाला मात्र क्षणार्धात आकडा वाचून निर्णय घ्यावा लागतो. ‘३०’ हा आकडा मैलांचा असेल, तर वेग ताशी ४८ किलोमीटर होतो. म्हणून वेगमर्यादेचे आकडे एकाच दिवशी बदलणे इष्ट ठरते. आयर्लंडने २० जानेवारी २००५ रोजी तसेच केले.

ब्रिटनमध्ये उद्योगांनी मेट्रिक पद्धतीकडे वळावे, असे सरकारने १९६५ साली जाहीर केले. वेगमर्यादा १९७३ मध्ये बदलण्याचा बेतही होता; तो १९७० साली लांबणीवर पडला आणि पुढे तारीख ठरलीच नाही. त्यामुळे तेथील मुले शाळेत मीटर शिकतात आणि रस्त्यावर मैल व यार्ड वाचतात. फूट-इंचांची सवय नसलेल्या परदेशी मालमोटारचालकाला पुलाची उंची चटकन न कळणे तर धोक्याचेच. अखेर २०१५ पासून उंची व रुंदीच्या नव्या मर्यादाफलकांवर दोन्ही मापे देणे बंधनकारक झाले.

दोन मापे काही काळ शेजारी नांदू शकतात. त्या काळाला अंत नसेल, तर रूपांतराचा भार सामान्य माणसावर कायमचा पडतो.