हुक्का, पलंग आणि भोजराजाची यादी

प्रश्न : माझा भाचा इंदूरला संगणकावर थ्रीडी वस्तू घडवण्याचं काम करतो. सध्या त्याच्याकडे ‘फक्त प्रौढांसाठी’ असलेल्या एका ऐतिहासिक मालिकेचं सामान आहे : हुक्का, मद्याचे पेले, रक्ताळलेली कट्यार, शयनगृहातला पलंग. एक हुक्का दाखवून म्हणाला, हा उत्तम डिझाइनचा. दुसरा दाखवून म्हणाला, हा टाकाऊ. मला दोन्ही सारखेच दिसले. फरक नेमका कशात असतो? आणि प्रौढांसाठीच्या वस्तूंना काही निराळे नियम असतात का?
— एक वाचक, देवास

उत्तर : दोन्ही हुक्के सारखे दिसले यात तुमच्या नजरेचा दोष नाही. भाच्याने तुम्हाला तयार चित्रं दाखवली, आणि नुसत्या चित्रावरून अशा वस्तूची पारख होत नाही. चित्र एका बाजूने, एका उजेडात काढलेलं असतं. वस्तू मात्र पुढे अनेक दृश्यांत वापरायची असते. कधी ती पात्राच्या हातात जाते, कधी मशालीच्या उजेडात येते, कधी लाथ बसून कलंडते. नाटकवाल्यांची प्रॉपर्टी प्रेक्षकांना एकाच बाजूने दिसली तरी भागतं. इथे कॅमेरा कुठेही शिरतो.

आधी एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. संगणकातली वस्तू म्हणजे लहान लहान बहुकोनांची जाळी. ही जाळी जितकी दाट तितकी वस्तू चांगली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दाट जाळी संगणकाला जड होते आणि दृश्यात अशा वस्तू साठल्या की रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार होण्याचं काम, रखडतं. चांगला कारागीर जाळी जागा पाहून वापरतो : वळणावर दाट, सपाट भागावर विरळ. या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ साली संगणकात उतरवलेली चहाची किटली. तिचा मूळ आकार अवघ्या २८ वक्र तुकड्यांचा होता. गोल पोट, पोकळ कान, स्वतःच्याच अंगावर सावली पाडणारी चोच, हे सगळं तेवढ्यात आलं, म्हणून जगभरच्या संशोधकांनी ती चाचणीसाठी वापरली. गंमत म्हणजे त्या मूळ किटलीला बूडच नव्हतं. ते पुढे जोडलं गेलं. समोरून काढलेल्या चित्रात बूड नसल्याचं कोणाला कळणार?

आता तुमचा हुक्का घेऊ. पहिली कसोटी मापाची. थ्रीडी कामाच्या सॉफ्टवेअरपैकी ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर धरतात, डॅझ स्टुडिओत एक सेंटिमीटर. वस्तू एकातून दुसऱ्यात नेताना ही गोष्ट ध्यानात राहिली नाही, तर हुक्का वाड्याएवढा तरी होतो किंवा मुंगीएवढा तरी. नुसतं लहानमोठं करून डोळ्यांना फसवता येतं, पण चुकीच्या मापाच्या वस्तूवर उजेडाची आणि कॅमेऱ्याच्या फोकसची गणितं बिघडतात, आणि ती पडली की खऱ्यासारखी पडत नाही.

दुसरी कसोटी कडांची. खऱ्या जगात सुरीसारखी धारदार कड अगदी थोड्या वस्तूंना असते. पितळी चिलमीचा काठ कितीही नीट घडवलेला असला तरी किंचित गोलसर असतो, आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ उमटते. संगणकात कड आपोआप कागद दुमडल्यासारखी टोकदार येते. ती रेघ दिसत नाही आणि कारण न कळताही आपल्याला वस्तू खोटी वाटते. मग येते वापराची खूण. तोंडाला लागणारी आणि हाताने धरायची जागा घासून चकचकीत झालेली हवी, नक्षीच्या खाचांत काळपट मळ हवा. टाकाऊ हुक्क्यावर मळ सगळीकडे सारखा फासलेला असतो. खऱ्या वापरात मळ तसा लागत नाही.

तिसरी कसोटी हालचालीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. हुक्क्याची लांब नळी वाकते, वेटोळं घेते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ती नळी ताठ मूर्तीसारखी एकाच आकारात घडवली असेल, तर कलाकाराला प्रत्येक दृश्यासाठी पुन्हा नळी घडवावी लागते. चांगल्या हुक्क्याच्या नळीत आतून सांध्यांची साखळी घातलेली असते, त्यामुळे ती हवी तशी वळते आणि वळताना कुठे चेपत नाही. चिलमीचं झाकण वेगळं असतं, ते बिजागरीपाशीच फिरतं. पलंगाच्या गादीला बसणाऱ्याच्या वजनाने दबण्याची सोय असते. नाहीतर पात्र गादीच्या वर तरंगतं किंवा तिच्यात रुतून बसतं.

मद्याच्या पेल्याचं कोडं आणखी बारीक. काच आणि आतलं द्रव या दोन वेगळ्या वस्तू म्हणून घडवतात. त्यांच्यात केसभर फट राहिली तर संगणक तिथे हवेचा थर धरतो. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.५, पाण्याचा १.३३, हवेचा १. मध्ये हवा आली की प्रकाश भलतीकडे वळतो आणि मद्य पेल्यात सुटं तरंगताना दिसतं. म्हणून जाणकार कारागीर द्रवाची जाळी काचेच्या आतल्या भिंतीत किंचित घुसवून ठेवतो.

ऐतिहासिक मालिका आहे, तेव्हा काळाचं भानही हवं. सतराव्या शतकातल्या हुक्क्याचं पाण्याचं भांडं गोल बुडाचं असे आणि ते जमिनीवर कड्यात बसवावं लागे. पुढच्या शतकात घंटेच्या आकाराचं, सपाट बुडाचं भांडं रुळलं. धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांचा उदय अठराव्या शतकातला. तेव्हा पवार सरदारांच्या बैठकीत घंटेच्या घाटाचं भांडं शोभेल.

तुम्ही देवासचे, म्हणून शेजारच्या धारचा एक दाखला द्यावासा वाटतो. अकराव्या शतकातला धारचा राजा भोज याच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो १९२४-२५ साली टी. गणपती शास्त्री यांच्या संपादनाखाली दोन भागांत छापला. त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे, आणि यंत्रं बरीचशी राजाच्या विलासाची : रात्रीच्या प्रहराबरोबर मजल्यामागून मजला वर सरकणारी शय्या, नाचणाऱ्या आणि दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, स्त्रीमूर्तींच्या अंगातून पाण्याच्या धारा सोडणारं धारागृह. म्हणजे प्रौढांच्या करमणुकीचंच सामान. पण भोज तिथे चांगल्या यंत्राचे वीसेक गुण मोजतो ते पाहा. सांधे घट्ट जुळलेले असावेत, यंत्र ढिलं नसावं आणि आखडलेलंही नसावं, हलकं असावं, नको तिथे आवाज करू नये, हवा तिथे स्पष्ट करावा, चालवलं की चालावं, थांबवलं की मूळ स्थितीत यावं, प्राण्याची आकृती असेल तर खऱ्यासारखी भासावी, आतली रचना बाहेरून कळू नये, पुष्कळ काळ टिकावं. बहुतेक गुण वागणुकीचे आहेत, दिसण्याचे थोडे. तुमचा भाचा ‘उत्तम डिझाइन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनातली यादी जवळजवळ हीच असते. थ्रीडी कारागिरांनी हा अध्याय अनुवादात तरी जरूर वाचावा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. ‘प्रौढांसाठी’ म्हटलं की वस्तू अधिक भडक, अधिक उघडी हवी, हा दुसरा मोठा गैरसमज. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन कार्यक्रमांचे वयोगटाप्रमाणे पाच वर्ग आहेत : यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. वर्ग ठरवताना हिंसा, नग्नता, लैंगिकता, व्यसनं, भाषा अशा अनेक बाबी पाहतात, आणि त्या दृश्यात कशा येतात ते पाहतात. कट्यार स्वतः प्रौढ नसते, तिच्यावरचं रक्त आणि तिचा वापर दृश्याला त्या वर्गात नेतो. म्हणून शहाणा कारागीर रक्ताचा थर वेगळा ठेवतो. थर बंद केला की तीच कट्यार भिंतीवर शोभेला टांगता येते.

प्रौढांच्या दृश्यात वस्तूचा शरीराशी संबंध जास्त येतो, हा खरा फरक. पलंग, उशी, मनगटावरचा पट्टा, कंबरेची साखळी, सगळं त्वचेला भिडतं. पट्टा त्वचेत घुसलेला दिसला किंवा तिच्यापासून सुटा राहिला, तर दृश्य तिथेच कोसळतं. वेगवेगळ्या बांध्याच्या पात्रांना वस्तू बसावी, पात्र हललं की तीही हलावी, याला इथे दुप्पट मेहनत लागते.

कायद्याच्या दोन गोष्टी भाच्याला ठाऊक असतीलच, तरी सांगतो. तंबाखूचं दृश्य असलेल्या ऑनलाइन कार्यक्रमांना १ सप्टेंबर २०२३ पासून आरोग्याचा इशारा दाखवणं बंधनकारक आहे आणि तंबाखूच्या ब्रँडचं प्रदर्शन करता येत नाही. तेव्हा हुक्क्याशेजारी तंबाखूचा डबा ठेवायचा झाला, तर त्यावर खऱ्या कंपनीचं नाव नको. दुसरी गोष्ट याहून गंभीर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-ब हे कलम बालकांना अश्लील रूपात दाखवणाऱ्या डिजिटल प्रतिमा तयार करणंही गुन्हा मानतं. शृंगारदृश्याचं सामान लहान वयाच्या पात्राशी कोणी जोडायला सांगितलं, तर ते काम सरळ नाकारावं. तिथे कलेची सबब चालत नाही.

आता भाचा घरी आला की त्याला चित्रं दाखवू देऊ नका, फाइल उघडायला सांगा. दिवा बाजूला घ्यायला लावा, हुक्का उलटा करून बूड बघा, नळी वाकवायला सांगा, झाकण उघडायला सांगा. दोन्ही हुक्क्यांचं हे करून पाहिलंत, की टाकाऊ कोणता ते तुम्हीच त्याला सांगाल.