मोटार जळते ती वायरीपायी

उन्हाळा लागला की अकलूजमधल्या माझ्या दुकानात जळक्या मोटारी येऊ लागतात. नीरेच्या काठच्या उसाच्या वस्त्यांवरून पाण्याच्या मोटारी येतात, तशाच गोठ्यांवरून कडबाकुट्टीच्याही. मोटार भरणे, म्हणजे जळालेली कॉइल नव्याने गुंडाळणे, हा माझा धंदा आहे. तरी एकच मोटार एका हंगामात दुसऱ्यांदा भरायला आली की मी ती उघडण्याआधी मालकाला विचारतो, "तात्या, बोर्डापासून मशीन किती लांब आहे? आणि वायर कितीची?"

असेच एक तात्या मागच्या उन्हाळ्यात आले होते. "मोटार नुसती घुमतीय, पर उचलंना," म्हणाले. दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी. कंडेन्सर बदलून झाला होता, बेअरिंग नवी होती. कॉइलवरचे व्हर्निश सगळीकडून सारखेच काळे पडले होते. शॉर्ट झालेली मोटार एका जागी जळते. सगळी सारखी भाजलेली मोटार उपाशी राबलेली असते, म्हणजे तिला पुरेसे व्होल्टेज मिळालेले नसते.

मी मीटर घेऊन त्यांच्या वस्तीवर गेलो. घराच्या बोर्डावर 205 व्होल्ट होते. तिथून गोठ्यापर्यंत एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटरची), पन्नास मीटर लांब, नवी कोरी वायर. भरलेली मोटार जोडून चारा घातला आणि मशीनपाशी मोजले, तर 185 च्या आसपास. वीसेक व्होल्ट वायरीतच जिरत होते.

ठिबकची लॅटरल वाजवीपेक्षा लांब टाकली की शेवटच्या झाडाला पाणी मंद मिळते, तसेच हे आहे. एक एमएमच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे 19.5 ओहम असतो. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसरीने, म्हणून पन्नास मीटरला हिशेब शंभर मीटरचा धरायचा. झाले जवळजवळ दोन ओहम. मोटार चालताना 12 अँपिअर घेते, पण खरा घात सुरू होताना होतो. त्या क्षणी ती 40 अँपिअर ओढू पाहते आणि 80 व्होल्टपर्यंत वाटेतच जातात. मोटारीची ओढ, म्हणजे फिरवण्याची ताकद, व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज 230 वरून 150 वर आले की ओढ निम्म्याच्याही खाली जाते. पात्यांत कडबा अडकलेला असेल तर ती उचलणार कशी? घुमत राहते, चालण्याच्या कितीतरी पट करंट घेत राहते, आणि काही मिनिटांत कॉइल भाजते. कशीबशी चालू झालीच, तरी कमी व्होल्टेजवर तेच काम करायला जास्त करंट घेते आणि रोज थोडी थोडी शिजते.

वायरीत जाणारे व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेअकरा व्होल्टच्या आत ठेवावे. दोन एचपीला त्या हिशेबाने दीड एमएमची वायर 35 मीटरपर्यंत चालते, अडीचची 60 पर्यंत, चारची 95 पर्यंत. हे आकडे बोर्डावर पूर्ण 230 येतात असे धरून आहेत. आपल्या वस्त्यांवर संध्याकाळी तेवढे मिळत नाहीत, म्हणून मी याच्या साधारण निम्म्या लांबीवरच थांबायला सांगतो. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर असेल तर त्याच जाडीला रोध दीडपटीहून जास्त असतो. उन्हात तापलेल्या वायरीचा रोध आणखी वाढतो. जास्तीची वायर गुंडाळून ठेवू नका. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटतात. पिळून चिकटपट्टी लावलेला जोड तर मला कुठेच बघवत नाही. तिथे हात लावून बघा, वायरीपेक्षा तो गरम लागेल.

तात्यांना मी लांब वायर पुन्हा घेऊच दिली नाही. घरापासून गोठ्यापर्यंत चार एमएमची कायमची केबल टाकली, गोठ्यात वेगळा बोर्ड बसवला आणि तिथून मशीनला चार-पाच हातांचीच वायर ठेवली. मोटार एकदा भरण्याच्या खर्चापेक्षा हे महाग पडले. पण दरसाल मोटार भरण्यापेक्षा परवडते, आणि कुट्टीही लवकर होते.

मोटारीचे नुकसान निदान पैशांत भरून निघते. लांब, बारीक वायरीतला दुसरा धोका कुणी विचारात घेत नाही. एक एमएमचे शंभर मीटरचे अख्खे बंडल जोडले आणि टोकाला शॉर्ट झाले, तर रोध चार ओहमच्या जवळ जातो आणि करंट पन्नासेक अँपिअरवरच अडतो. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला किमान 80, कधी 160 अँपिअर लागतात. एवढ्या कमी करंटवर तो कित्येक सेकंद तसाच राहतो आणि वायर कडब्याच्या गंजीशेजारी तापत जाते.

गोठ्यात पायाखाली ओल असते आणि मशीनवर बहुतेक वेळा घरातली बाई उभी असते. म्हणून दोन तारांची वायर तिथे नकोच. तीन तारांची घ्या, तिसरी तार मशीनच्या सांगाड्याला जोडून खऱ्या अर्थिंगपर्यंत पोचवा आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. त्यावर टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला नाही, तर तो बदलेपर्यंत मशीन चालू करू नका.