मंदावणारी ज्योत

पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅसलाइट’ नाटकावर थोरोल्ड डिकिन्सनने १९४० मध्ये इंग्लंडात बेताच्या खर्चात चित्रपट काढला. नवरा बाहेर पडला की घरातील गॅसची ज्योत मंदावते. बंद वरच्या मजल्यावर कोणीतरी दुसरी बत्ती लावल्याने नळीतील दाब उतरलेला असतो. बायकोला मात्र वाटते, आपलेच डोके फिरले. (नवऱ्याला तेच हवे आहे!) नाटकात जुन्या खुनाची हकीकत एक म्हातारा पोलीस अधिकारी सांगतो, डिकिन्सन आरंभीच खून दाखवतो. रहस्य थोडे उणावते खरे, पण मला हा बदल पटला. त्या घरात काय घडले हे आपल्याला ठाऊक, तिला नाही. म्हणून मंदावणारी ज्योत अधिक झोंबते. १९४४ साली एम.जी.एम.ने हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचाही प्रयत्न झाला. सुदैवाने तो फसला.