संख्यांची जादू आणि बीजगणिताची किल्ली

‘मनात एक संख्या धरा. तिची दुप्पट करा. तीत १४ मिळवा. बेरजेची निमपट करा व तीतून मूळ संख्या वजा करा. उत्तर ७!’ वर्गात हा खेळ मांडला म्हणजे विद्यार्थी चकित होतात. प्रत्येकाने निराळी संख्या धरलेली असते. उत्तर मात्र सर्वांचे एकच. जादूगार येथे थांबतो. शिक्षकाचे कार्य येथून सुरू होते.

रहस्य कशात आहे?

अज्ञात संख्येसाठी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ‘यावत्तावत्’ ही संज्ञा वापरली. आज शाळेत तिलाच ‘क्ष’ म्हणतात. क्षची दुप्पट २क्ष. १४ मिळविल्यावर २क्ष + १४. निमपट केल्यावर क्ष + ७. आता मूळ क्ष वजा केला की ७ उरतात. म्हणजे उत्तर मनातील संख्येवर अवलंबून नसून मिळविलेल्या १४ च्या निमपटीवर अवलंबून आहे. हे उमगले की विद्यार्थी स्वतःच खेळ रचू शकतो. उत्तर १० हवे असल्यास २० मिळवावेत, इतकेच.

जन्मतारीख ओळखणे

दुसरा खेळ याहून चमत्कारिक वाटतो. जन्माच्या तारखेला २० ने गुणावे, ३ मिळवावेत, बेरजेला ५ ने गुणावे, महिन्याचा क्रमांक मिळवावा. सांगितलेल्या उत्तरातून १५ वजा करताच तारीख व महिना समोर येतात. तारीख त व महिना म मानल्यास अखेरीस १००त + १५ + म एवढेच उरते. १५ गेले की शेवटचे दोन अंक महिन्याचे, आधीचे तारखेचे. १७ जानेवारी घ्या : ३४०, ३४३, १७१५, १७१६, आणि शेवटी १७०१.

देवळालीचे गणिती शिक्षक

ही जन्मतारीख आहे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची. इ. स. १९०५ मध्ये डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथे पोहोचते. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला हा शोध १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने जगभर पोहोचला.

येथेही बीजगणित साह्यास येते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानल्यास पहिली वजाबाकी नेहमी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी असते. मधल्या अंकांतील फरक टोकांच्या अंकांतील फरकाहून मोठा असू शकत नाही; म्हणून पहिली उत्तरे केवळ ५४ संभवतात. सुमारे नऊ हजार संख्या तपासण्याचे काम ५४ वर आले! त्या ५४ संख्या पडताळून पाहणे हा वर्गातील गटांसाठी उत्तम स्वाध्याय ठरेल.

शिक्षकांसाठी

बीजगणिताचा आरंभ अनेकदा नियमांच्या पाठांतराने होतो आणि क्ष हे अक्षर भीतीचे कारण बनते. तोच क्ष जादूचे कुलूप उघडताना दिसला की त्याची गरज मुलाला आपोआप पटते. प्रथम खेळ करावा, मग कारण विचारावे, मग क्ष मांडावा आणि शेवटी प्रत्येकाकडून नवा खेळ रचवून घ्यावा. खेळ फसला तर चूक कोणत्या पायरीवर झाली, हेही क्षच दाखवून देतो.

जत्रेत जन्मतारीख ओळखून दैवी शक्तीचा दावा करणारा कोणी भेटला, तर असा विद्यार्थी भारावून जाणार नाही. तो कागद-पेन्सिल घेईल आणि क्ष मांडून पाहील.