सेल घालण्याआधी यंत्राची भूक बघा

मैत्रिणींनो, मसाल्याची पाकिटं भरताना वजनकाटा मध्येच बंद पडला की हाताला लागेल तो सेल आपण त्यात घालतो. पण यंत्र बनवणाऱ्यांनी सेल असाच ठरवलेला नसतो. वीज किती लागणार, एकदम की थेंबथेंब, जागा किती आणि रोज चार्ज करता येईल का, हे ते आधी बघतात.

भिंतीवरचं घड्याळ घ्या. त्याची भूक मुंगीएवढी. १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल त्याला वर्षभर पुरतो, महागडा कशाला? विजेरीला मात्र एकदम जास्त वीज हवी. साधा सेल तिथे लवकर दम सोडतो. अल्कलाइन सेल महाग वाटला तरी तिथे तोच परवडतो.

सौरदिव्याचं गणित वेगळं. दिवसा भरायचं, रात्री रिकामं व्हायचं, रोजचंच. म्हणून त्यात चार्ज होणारीच बॅटरी लागते. पवईच्या आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये शाळकरी मुलांसाठी 'सोल' नावाचे सौरदिवे गावोगाव द्यायला सुरुवात केली, महाराष्ट्रातही. ते जोडायचं नि दुरुस्त करायचं काम गावातल्याच लोकांना शिकवलं, त्यात बायकाही होत्या. असं काम आपल्या गटांनाही सहज जमेल. फक्त एक पक्कं ध्यानात ठेवायचं: लिथियम बॅटरी ३.२ व्होल्टचीही येते नि ३.७ चीही. दिसायला सारख्या असल्या तरी चार्ज व्हायची हद्द वेगळी. ३.७ च्या दिव्यात ३.२ ची बसवली तर ती प्रमाणाबाहेर चार्ज होऊन खराब होते, तापतेसुद्धा.

आता बटण सेल. चपटा वजनकाटा, छोटा रिमोट यांत जागाच नसते, म्हणून तो घालतात. त्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. व्होल्ट ३. दुकानात हा आकडाच सांगायचा, "गोल सेल द्या" म्हणून भागत नाही.

पण हाच सेल लहान मुलाने गिळला तर घशात अडकतो आणि दोन तासांत आतून भाजतो. उलटी करायला लावू नका, सकाळपर्यंत वाट बघू नका, लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. सेलच्या कप्प्याला स्क्रू असेल तीच वस्तू घ्या. काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा, उतरलेला सेलही भाजतो.